वस्त्रगाळ

माझा जन्म जयसिंगपूरचा, तपकिरीच्या दुकानामागच्या खोलीतला. हे पहिलंच लिहून घ्या, कारण पुढचं सगळं तिथून निघतं आणि मला मागे-पुढे उड्या मारत सांगितलेलं आवडत नाही. माझ्याकडे सगळ्याची यादी असते, सामानाची, गोळ्यांच्या वेळांची, कोणाचा डबा परत द्यायचा राहिलाय त्याची, आणि त्या याद्या प्रेसच्या दाराला आतून चिकटवलेल्या असतात. प्रेस म्हणजे कपाट. इथे आयर्लंडमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात, आणि पंधरा वर्षं नास नावाच्या गावात राहून आता मलाच कपाट हा शब्द आठवावा लागतो. तर जयसिंगपूर.

अप्पा, म्हणजे माझे वडील, तपकीर करायचे. तो सगळा पट्टा तंबाखूचा. पान वाळवायचं, दळायचं, चुन्याच्या निवळीचा हात द्यायचा, तुपाचा हात द्यायचा, आणि त्याआधी वस्त्रगाळ करायची. वस्त्रगाळ माझ्याकडे, वयाच्या आठव्या वर्षापासून. डब्याच्या तोंडाला अप्पांच्या जुन्या धोतराचं दुपदरी फडकं बांधायचं, शंभर वेळा धुतलेलं, नवं कापड चालत नाही, नव्यात खळ असते. त्यावर मूठभर पूड टाकायची आणि डब्याला बाहेरून टिचक्या मारायच्या. हाताने चोळायचं नाही, चोळलं की भरड खाली उतरते. मग खाली उतरलेली चिमूट कानाशी न्यायची आणि बोटांत फिरवायची. आवाज आला तर परत गाळायची. आवाज नाही आला तर झाली. हे मी झोपेतही करीन, काय सांगू तुम्हाला, आज प्रयोगशाळेत एवढाली यंत्रं आहेत कणांचा आकार मोजणारी, तरी माझा हात आपोआप कानाकडे जातो.

पण मसाला अप्पांचा. आमची सर्दीची तपकीर म्हणून एक होती, नाक चोंदलेलं माणूस मिरजेहून यायचं तिच्यासाठी, आणि तिच्यात काय पडतं ते अप्पा पडद्याआड, एकटे, आमच्याकडे पाठ करून घालायचे. दहावीत मी एकदा विचारलं, अप्पा, मसाल्यात काय असतं? तर म्हणाले, तू तुजी पुस्तकं बघ. संपलं. परत विचारलं नाही.

पुस्तकं बघितली मी. शाळेत मी बाकावर बसले की शेजारच्या दोघी खोट्या शिंका द्यायच्या, त्या दोघींची नावं मला अजून पाठ आहेत, आणि मी शिकेकाईने दोन-दोनदा केस धुवायचे तरी वेणीतून वास जायचा नाही. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, पुण्याला औषध कंपनीत लागले, तिथे मिलिंद भेटला, तो सॉफ्टवेअरवाला, सदाशिव पेठेतला. सासूबाई म्हणाल्या, वडिलांचं काय म्हणालीस तू, दुकान? कसलं? आणि मग लग्नपत्रिकेत अप्पांच्या नावाखाली व्यापारी एवढंच छापलं गेलं. अप्पा पुण्याला आले की मिलिंद त्यांना तपकीर ओढायला गॅलरीत जायला सांगायचा. आमच्या मुलीच्या, रेवाच्या जन्माला आम्ही त्यांना इथे नासला बोलावलं, तेव्हाही तेच, अप्पा, प्लीज, आत नको, बाळ आहे. बाळ होतंच, त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण मागच्या दाराशी कचऱ्याच्या हिरव्या आणि तपकिरी डब्यांच्या मधे, भुरभुर पावसात, छत्री मानेत धरून चिमूट ओढणारा माझा बाप मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलाय, आणि ते मी लिहून नाही ठेवलं तरी विसरले नाही.

आता मुद्द्यावर येते.

दोन वर्षांपूर्वी मिलिंद शनिवारी सकाळी गायब व्हायला लागला. सँडीफोर्डच्या ऑफिसात त्याचं काम वाढलेलं, चेहरा उतरलेला, नाक कायम बंद, आणि मग एकदम शनिवारी दुपारी घरी येतो तो हसतमुख, डोळे धुतल्यासारखे, गाडी धुतो, मला म्हणतो चहा मी करतो. चहा! मी यादीत बघितलं, शनिवार, जिम. जिमची पिशवी उघडली तर कपडे घडी न मोडलेले आणि मोज्यात एक छोटी काचेची बाटली. बूच काढलं, नाकाशी नेलं. काय सांगू. तंबाखू. कडक, जंगली, पण तंबाखूच. तिच्यामागे राख. आणि त्या राखेच्या मागून गोड, कापलेल्या गवतासारखा, बदामासारखा, व्हॅनिलासारखा एक वास असा हळूच आला की मी बाटली परत नाकाशी नेली. मी मनात म्हटलं, ही तपकीर आहे. माझ्या नवऱ्याच्या मोज्यात तपकीर आहे.

संध्याकाळी बाटली टेबलावर ठेवली. तो लाजला नाही हो, तेच तर. उलट समजावून सांगायला बसला. म्हणाला, सुनीता, ह्याला हापे म्हणतात, ॲमेझॉनच्या जंगलातलं औषध आहे, ह्यात त्सुनू नावाच्या झाडाच्या सालीची राख असते, कुमारू म्हणून एका झाडाचं सुगंधी बी असतं, ती माणसं शिकारीला जाण्याआधी घेतात, डोकं स्वच्छ होतं, हे पवित्र आहे. पवित्र! मी म्हटलं, राख कशाला घालतात माहीत आहे? अप्पा चुना घालायचे त्याच कामाला. आणि तंबाखू ती तंबाखू, तुझा रक्तदाब मोजला का कोणी? तर म्हणतो, तुला नाही कळणार, हे वेगळं आहे. तपकीरवाल्याच्या पोरीला तपकीर नाही कळणार. बरं, कोण देतं हे तुला? तर डाल्वा. आणि देते म्हणजे कशी? तर म्हणतो, फुंकते. एक लांब फुंकणी असते, तिचं एक टोक तिच्या तोंडात, दुसरं माझ्या नाकात.

हे तो सहज बोलला, बसचा नंबर सांगावा तसं.

मी रात्रभर जागले वगैरे नाही, मला सकाळी सहाची पाळी असते. पण पुढच्या शनिवारी गाडीत जाऊन बसले. म्हटलं, मीही येते.

नासच्या बाहेर दलदलीच्या रस्त्याला तिचं घर, मागे लाकडी खोली, आत घोंगड्या, मेणबत्ती आणि आठ माणसं, त्यात आमच्या गल्लीतला पोस्टमनसुद्धा, तो मला बघून म्हणतो हाऊ'ज शी कटिंग, म्हणजे काय कसं चाललंय, जसं काही आम्ही सुपरमार्केटमध्ये भेटतोय. डाल्वा सुंदर असती तर बरं झालं असतं. मला एक सरळ कारण मिळालं असतं. ती पन्नाशी ओलांडलेली, बुटकी, समोरचा एक दात नसलेली, अंगात फ्लीस आणि पायात चिखलाचे गमबूट. ब्राझीलच्या आक्रेची, जंगलालगतच्या गावची, इथे वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. आजोबांकडून हे शिकलेली. आजोबांनी तिला जवळ बसवून शिकवलं म्हणे, प्रत्येक झाडाची साल हातात देऊन. हे ती बोलली तेव्हाच मला तिचा पहिल्यांदा हेवा वाटला. मिलिंदवरून वाटला तो नंतर.

मिलिंद तिच्यापुढे मांडी घालून बसला. तिने तळहातावर पूड घेतली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, फुंकणी भरली, एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि फूक मारली. एका नाकपुडीत, मग दुसरीत. त्याच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा, आणि चेहरा असा, कसा सांगू, आमच्या लग्नात अंतरपाट खाली झाला तेव्हा होता तसा. तिच्या छातीतला वारा माझ्या नवऱ्याच्या डोक्यात गेला, आणि मी वीस वर्षं त्याच्या नाकासाठी वाफेचं भांडं भरतेय.

मी म्हटलं, मी फुंकते त्याला. बायको आहे.

डाल्वा म्हणाली, चालेल. पण आमच्यात रीत आहे, फुंकणाऱ्याच्या मनात जे असतं ते फुंकणीतून जातं, म्हणून ज्याच्या मनात काही अडकलंय त्याने त्या दिवशी फुंकायचं नाही. तुझं मन साफ आहे? मी म्हटलं, ग्रँड. एकदम ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत छान, ठीक. आणि फुंकलं, अंगात होता तेवढा जोर लावून. मिलिंद पुढच्या आठवड्यातही उजवी नाकपुडी अजून दुखतेय म्हणायचा. त्या क्षणी मात्र तो सरळ बादलीकडे धावला आणि सकाळचे पोहे त्या बादलीत गेले. पोस्टमन म्हणाला, जीझस. डाल्वाने माझ्या हातातून फुंकणी हळूच काढून घेतली, फडक्याने पुसली आणि म्हणाली, आज नाही, सुनीता. रागावली असती तरी चाललं असतं.

मग त्या उन्हाळ्यात अप्पा आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आई गेल्यापासून एकटे, दुकान बंद केलेलं. मी त्यांना काय आणायचं नाही त्याची दोन पानी यादी पाठवली होती, तरी मोज्यात गुंडाळून एक सालीचा तुकडा आणलाच. मी म्हटलं, अप्पा, यादी वाचली नाही? म्हणाले, वाचली की, ह्यात कायफळ लिवलं न्हवतंस. ह्या घरात सगळे मोज्यातच का लपवतात मला कळत नाही.

पहिल्या सकाळी ते आपणहून कचऱ्याच्या डब्यांकडे निघाले, डबी मुठीत धरून. आणि मिलिंद काय म्हणाला असेल? अप्पा, तिकडे कशाला, बसा ना इथे. आणि शनिवारी चला माझ्याबरोबर, तुम्हाला एकीकडे नेतो. माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. रेवा म्हणाली, मॅम, इथली पोरं आईला मॅम म्हणतात, यू ओके? मी म्हटलं, ग्रँड.

तर शनिवारी पुढे अप्पा आणि मिलिंद, मागे मी, कारण दुभाष्या लागणार ना. अप्पांना इंग्रजी येत नाही, डाल्वाला मराठी येत नाही. पण काय सांगू तुम्हाला, त्यांना माझी गरज अर्धा तासही लागली नाही. अप्पांनी तिच्या बरणीतली चिमूट घेतली, कानाशी नेली, बोटांत फिरवली आणि म्हणाले, भरड हाय. तिने ते तोंडावरूनच ओळखलं. मग अप्पांनी खिशातून फडकं काढलं, धोतराचं, दुपदरी, तेच, मी ज्याच्यावर आठव्या वर्षापासून नाक लाल करून घेतलं तेच जुनेर, तिच्या डब्याच्या तोंडाला बांधलं आणि टिचक्या कशा मारायच्या ते दाखवलं. तिचा हात धरून. मग तिने कुमारूचं बी किसून त्यांच्या तळहातावर ठेवलं. अप्पांनी हुंगलं, डोळे मिटले, म्हणाले, आयला, ह्ये आपल्याकडं असतं तर. आणि मला म्हणाले, ही बाई जाणती हाय, सुने.

चार शनिवार हे असं. चौथ्या शनिवारी अप्पांनी मोज्यातलं कायफळ काढलं. म्हणाले, हिला सांग, सर्दीच्या तपकिरीचा मसाला देतो. कायफळाची साल, दालचिनी, वाळलेल्या तुळशीची पूड. वाटीभर पुडीला दालचिनी दोन चिमटी, तुळस दोन, आणि कायफळ अर्धीच चिमूट, जास्त न्हाई, आणि ते सगळ्यात शेवटी, तुपाचा हात दिल्यावर. सांग तिला.

पडद्याआडचं ते, मिरजेहून माणसं यायची ते, मी दहावीत मागितलेलं ते. ते मला पहिल्यांदा ऐकू आलं ते दुसरीला सांगण्यासाठी. माझ्याच तोंडातून तिच्या कानात जायचं होतं. मी तिच्याकडे बघितलं, ती वही-पेन्सिल घेऊन बसलेली, शहाण्या विद्यार्थिनीसारखी. आणि मी म्हटलं, दालचिनी दोन चिमटी, तुळस दोन. कायफळ दोन चमचे.

माझ्या नोकरीत, लिहून घ्या हे, एका दशांश चिन्हाची चूक झाली तर सगळी बॅच बाजूला काढतात. तेवीस वर्षांत माझ्या हातून अशी चूक झाली नव्हती. ही पहिली, आणि ती चूक नव्हती.

कायफळ माहीत आहे ना? शिंका आणणारं. तिने तिथेच केलं, गाळलं, भरलं, आणि सगळ्यांना आधी बोटावर हुंगायलाच दिलं, नशीब फुंकलं नाही. पोस्टमन सुरू झाला. मग मिलिंद. मग डाल्वा. आठ माणसं आणि डाल्वाचा कुत्रा, शिंका, शिंका, शिंका, मेणबत्ती विझली, कोणीतरी हसायला लागलं, हसता हसता शिंकायला लागलं, पोस्टमन प्रत्येक शिंकेला होली गॉड म्हणत होता. अप्पांनी फक्त बरणीवर नाक नेलं, बाजूला केलं, आणि माझ्याकडे बघितलं.  

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर अप्पा कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे. आता आत बसायची परवानगी असून. मी गेले. म्हणाले, मी अर्धी चिमूट म्हनलो होतो. मी म्हटलं, हो. म्हणाले, इंग्रजी कळत न्हाई म्हनून नाक पन गेलंय व्हय माजं? मग मला राहवलं नाही, मी म्हटलं, अप्पा, मी मागितला होता मसाला, मला पुस्तकं बघ म्हणालात, आणि हिला चार शनिवारात दिलात. ही कोण? 

अप्पांनी चिमूट ओढली, रुमालाने नाक पुसलं, घाई नाही. म्हणाले, तू इचारलंस, पर त्या टायमाला तू रोज दोनदा केस धुयाचीस. मला दिसत न्हवतं व्हय? ज्याला लाज वाटती त्याच्या हातात मसाला दिला तर तो बिघडवतोच, आनी बिघडवलासच की. आनी ते पत्रिकेचं.  म्हणाले, मजकुराचा कागद छापायला मीच घिऊन गेलो होतो. तपकिरीचे व्यापारी असं आधी लिवलं होतं, मग तपकिरीचे खोडलं होतं. अक्षर कुनाचं होतं?

अक्षर माझं होतं. सगळ्या याद्या मीच करते ना, पत्रिकेचा मजकूरही मीच केला होता. सासूबाईंनी फक्त विचारलं होतं, कसलं दुकान. खोडा असं त्या म्हणाल्या नव्हत्या. मिलिंदला तर तेव्हा पत्ताही नव्हता. बावीस वर्षं मी गॅलरीचा, डब्यांचा, छत्रीचा हिशेब त्याच्या नावावर ठेवला, आणि पहिली ओळ माझ्याच हाताची होती.  अप्पा म्हणाले, च्या ठेव, गारठलोय.

पुढच्या शनिवारी मी डाल्वाला खरं सांगितलं. अर्धी चिमूट, शेवटी, तुपानंतर. आणि दोन चमचे मी मुद्दाम म्हटलं होतं तेही. ती म्हणाली, माहीत आहे, दोन चमचे म्हणताना तू आवंढा गिळलास. आणि हसली, दात नसलेल्या जागेसकट. मग वहीत खोडून नीट लिहिलं. मीच ते स्पेलिंग सांगितलं, कायफळाचं.

अप्पा ऑगस्टअखेर परत गेले. जाताना डबी मिलिंदला दिली, जावईबापू, ठिवा. फडकं डाल्वाला दिलं. मला काय दिलं विचारू नका, विमानतळावर म्हणाले, सुने, हात तुजा चांगला हाय, आवाज ऐकायला सोडू नको. झालं. माझ्या बापाचं धोतर दलदलीच्या रस्त्यावर एका ब्राझिलियन बाईच्या खुंटीला टांगलेलं आहे.

आता दर शनिवारी मी जाते. वस्त्रगाळ माझ्याकडे. तिथल्या सगळ्यांत माझ्यासारखी कोणालाच जमत नाही हे डाल्वाच सांगते सगळ्यांना, आणि मला ते आवडतं, कशाला खोटं बोलू. फडकं बांधते, टिचक्या मारते, चिमूट कानाशी नेते. मिलिंदला महिन्यातून एकदाच परवानगी आहे, रक्तदाब मी स्वतः मोजते, आधी आणि नंतर, प्रेसच्या दारावर तक्ता आहे. तो येणाऱ्या प्रत्येक माणसाला सांगतो, ही जी पूड आहे ना, ही माझ्या सासऱ्यांच्या पद्धतीची, तपकिरीचे मोठे कारागीर. तपकिरीचे असं स्पष्ट म्हणतो. रविवारी अप्पांचा फोन येतो, पहिला प्रश्न, भरड न्हाई नव्हं? मग डाल्वाची खुशाली. मग माझी.

मिलिंदची पाळी आली की तो पुढे जाऊन बसतो. डाल्वा फुंकणी माझ्यापुढे धरते आणि दर वेळी तोच प्रश्न विचारते, सुनीता, आज मन साफ आहे? पहिल्या दिवशी खोटं बोलले होते, आता बोलत नाही. मी त्याच्याकडे बघते, फडक्याच्या रिकाम्या खुंटीकडे बघते, तिच्या गमबुटांकडे बघते, आणि सांगते, नाही. ती मान हलवते, बरं म्हणते, आणि स्वतः फुंकते. त्याचे डोळे उघडतात तेव्हा समोर ती असते. मी बाजूला, डबा मांडीवर घेऊन.

तिचं भलं होवो, मनापासून म्हणते. बाई कष्टाची आहे, जाणती आहे, माझ्या बापाला तिने परत दुकानदार केलं. फक्त एखाद्या शनिवारी तिला सर्दी होऊ दे. फार नाही, साधी, नाक चोंदण्यापुरती, त्याला फुंकता येणार नाही एवढी. औषध माझ्याकडे आहे, अर्धी चिमूट, शेवटी, तुपानंतर.